तिसरी फेरी

द्राक्षवेलीची ओली काडी जळते तेव्हा तिचा धूर आधी घशात उतरतो आणि मग डोळ्यांत येतो. वास थोडा आंबूस, थोडा गोडसर, आणि मागे करपलेल्या गुळाचा कडवटपणा. हा वास मी आयुष्यात दोनदाच घेतला. पहिल्यांदा घेतला तेव्हा अठरा वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा परवा, जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये, मुलाच्या घराच्या बाल्कनीत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, अंगात दोन स्वेटर आणि हातात चहाचा कप असताना.

माझा मुलगा विनय इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून मृणाल घरी बसून कॉम्प्युटरवर कसलंसं काम करते. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर येतो, तीन महिने सगळ्यांना शिस्त लावायचा प्रयत्न करतो आणि परत जातो. पलटणीतून सुटल्यावर सगळी नोकरी शाळेत कवायत मास्तर म्हणून केली, त्यामुळे ती खोड जात नाही. पण या देशात शिस्त लावायला मला कुणी जागाच शिल्लक ठेवलेली नाही. पहिल्या खेपेला एका रविवारी मी खलबत्त्यात शेंगदाण्याचा कूट करायला बसलो, तर मृणाल धावतच आली. "अहो बाबा, नको ना! आज रुहेटाग आहे. खालच्या बाई लगेच इमारतीच्या हाउसमाइस्टरकडे कम्प्लेंट करतील." म्हणजे इथे शांत बसण्याचाही वार ठरलेला. मी बत्ता खाली ठेवला आणि दिवसभर ती शांतता ऐकत बसलो. तेव्हाच मनात आलं होतं की अशी शांतता आपण कुठेतरी ऐकली आहे.

परवा तो धूर आला आणि कुठे ते आठवलं. कप तिथेच कठड्यावर राहिला. मी घरातल्या सपातांवर जिना उतरलो.

आमच्या इमारतीला लागूनच फोगेल नावाच्या गृहस्थांची बाग आहे आणि बागेमागे उतारावर त्यांच्या द्राक्षांच्या पाचसहा रांगा. हे फोगेल माझ्याहून वर्षभराने मोठे. आमची ओळख मान हलवण्यापुरती. त्यांनी 'हालो' म्हणायचं, मी हात जोडायचे. त्या दिवशी छाटणीच्या काड्यांचा ढीग एका लोखंडी घमेल्यात पेटवून ते त्यावर सॉसेज भाजत होते. मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो आणि नाकाने धूर ओढत राहिलो. त्यांनी माझ्या सपाता पाहिल्या, माझं तोंड पाहिलं, आणि काही न विचारता फाटक उघडून बाकावर जागा करून दिली.

महायुद्धात इटलीत उतरलो तेव्हा आम्हाला कुठे आलो तेच ठाऊक नव्हतं. बंदराला गंजक्या लोखंडाचा आणि कुजलेल्या मासळीचा वास येत होता. गावात शिरलो तर रस्त्याच्या कडेने राखाडी पानांची झाडं आणि त्यांना काळी टपोरी फळं लगडलेली. ज्ञानू ओरडला, "आरं, जांभळं!" बोटीवरच्या डबाबंद खाण्याने जीव विटलेला, आम्ही आठदहा जण झाडावर तुटून पडलो. मूठमूठ तोंडात कोंबली आणि लगेच सगळी पलटण थुंकत सुटली. कडू जहर. ज्ञानूची जीभ संध्याकाळपर्यंत बाहेरच होती. एक इटालियन म्हातारी दारात उभी राहून पदराने डोळे पुसावेत तशी ॲप्रनने डोळे पुसत हसत होती. ती जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची फळं होती, मुरवल्याशिवाय खात नाहीत, हे त्या म्हातारीने हातवारे करून समजावलं आणि आम्हाला पाव दिला. 'पाने' हा मी शिकलेला पहिला इटालियन शब्द.

हा ज्ञानू म्हणजे माझा नदीपलीकडचा सोबती. त्याचं गाव कृष्णेच्या त्या काठाला, माझं या काठाला. दोघांनी वय वाढवून सांगून एकाच दिवशी भरतीच्या रांगेत छाती फुगवली होती. तो माझ्याहून बुटका, पण चालायला माझ्या दुप्पट. नाकात सदा कसलं तरी गाणं. मोजे वाळत घालताना गाणं, रायफल पुसताना गाणं, खेचरांना चंदी घालतानाही गाणं. आमचे सुभेदारसाहेब म्हणायचे, "ह्याला शत्रू आधी ऐकंल, मग बघंल."

थंडी कशी होती ते मला आता नीट सांगता येत नाही, पण तिचे वास अजून सांगता येतात. ओल्या लोकरीच्या ग्रेटकोटाला बकरीचा वास यायचा. लंगरातल्या चुलीच्या धुराने चपातीसुद्धा धुरकट व्हायची. रिकाम्या घरांत शिरलं की तळघरातून सांडलेल्या दारूचा आंबूस वास वर येई. आणि बर्फ पहिल्यांदा पडला त्या सकाळी तर कशालाच वास नव्हता. कशालाच आवाजही नव्हता. आम्ही खंदकातून डोकी वर काढून बघतच राहिलो. समोरचे काळे डोंगर कुणी तरी धुऊन ठेवले होते. ज्ञानूने थोडा बर्फ तळहातावर घेतला, चाखला, आणि गंभीरपणे म्हणाला, "मीठ न्हाई." मी इतका हसलो की सुभेदारांनी शिवी घातली.

फोगेल यांनी मला एका ताटलीत सॉसेज दिलं. मी नको म्हणून मान हलवली, पण सोबतचा पाव उचलला आणि नकळत तोंडातून निघून गेलं, "पाने."

त्यांच्या हातातला चिमटा थांबला. माझ्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "पाने. विनो. फ्रेद्दो."

पाव, दारू, थंडी. शिपायाने परमुलखात शिकायचे शब्द ते हेच. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "इतालिया." त्यांनीही छातीवर हात ठेवला. "इतालिया." मग आम्ही दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत बसलो. काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्याने मला मारायला हवं होतं आणि ज्याला मी मारायला हवं होतं, तो माझ्या गुडघ्याशी गुडघा लावून बसला होता आणि त्याचं सॉसेज करपत होतं.

एवढ्यात मृणाल माझी कानटोपी घेऊन धापा टाकत आली. "बाबा, अहो, न सांगता कुठे गेलात? आणि सपातांवर!" मी तिला म्हटलं, "बस इथं. हे पण इटलीत होते. विचार त्यांना." ती बिचारी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत बाकाच्या टोकाला टेकली आणि दुभाष्या झाली. "ते म्हणतायत, गेनाऊ, अगदी बरोबर, इटली. एकोणीस वर्षांचे होते. पण ते समुद्राच्या बाजूला होते, डोंगरात नाही. तुम्ही कुठे होतात विचारतायत." म्हणजे आम्ही एकमेकांसमोर कधी आलो नव्हतो. का कोण जाणे, मला हायसं वाटलं.

लढाईबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. शाळेत पंधरा ऑगस्टला हेडमास्तर मला उभं करायचे आणि मी ठरलेली चार वाक्यं म्हणून खाली बसायचो. खरी लढाई त्या चार वाक्यांत मावत नव्हती. मला आठवते ती एक चढण.

पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडली. पाणी इतकं गार की पाय आपले आहेत की नाहीत हे खाली बघून ठरवावं लागे. पलीकडे उतारावर द्राक्षांचे मळे, आणि माथ्यावर एक गुलाबी रंगाचं घर. त्या घरात जर्मन होते. मळ्यांत खांबाखांबाला तारा ताणलेल्या; त्यांच्याखालून वाकून, सरपटून वर जायचं. त्यांची मशीनगन सुरू झाली की नवं मांजरपाट फाडल्यासारखा आवाज येई. जीव मुठीत धरून आम्ही चढत होतो. आणि मग मला ते ऐकू आलं. गोळी तारेला लागली की तार झणकन वाजायची. एक तार वाजली, तिची शेजारीण वाजली, वरची वाजली, खालची वाजली, आणि बघता बघता सगळा डोंगर तंबोऱ्यासारखा वाजायला लागला. माणसं पडत होती आणि डोंगर वाजत होता. मी चिखलात गाल टेकून ते ऐकत राहिलो. किती वेळ, देव जाणे. इतकं भयंकर आणि इतकं सुरेल मी त्यानंतर काही ऐकलेलं नाही. त्या वेळी ते आवडलं, याची मला आजही लाज वाटते.

माथ्यावर पोचलो तेव्हा गुलाबी भिंतीचा गिलावा हवेत पिठासारखा उडत होता. अंगणात एक कोंबडी शांतपणे दाणे टिपत होती. ज्ञानू माझ्या आधी पोचला होता. तो त्या भिंतीला पाठ लावून बसलेला, दोन्ही हात पोटावर. मला बघून म्हणाला, "पाणी दे रं."

मी बाटली काढली. सुभेदारसाहेबांनी माझं मनगट धरलं. "पोटात लागलंय त्याच्या. पाण्यानं तडफडून जाईल. देऊ नको." पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलंच होतं. मी बाटलीचं बूच परत लावलं. ज्ञानू पाणी मागत राहिला. सूर्य चांगला वर आला, नदीचं पात्र खाली लखलखायला लागलं, आणि त्या नदीकडे बघत बघत तो गेला. न दिलेलं ते पाणी माझ्या घशात अजून अडकलेलं आहे.

निघताना त्याच्या आईने मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "दोघं संगं जाताय, संगं या. आन् तसलं काई झालंच, तर माझ्या लेकराला परक्या मातीत पुरू नगा." त्या आघाडीवर पुरण्याचाच हुकूम होता. धूर दिसला की समोरच्या डोंगरावरून तोफगोळे यायचे. मी सुभेदारांच्या पायाशी बसलो. त्यांनी एकदा समोरच्या डोंगराकडे पाहिलं, मग म्हणाले, "सकाळी धुकं असतंय. धुक्यात पेटव. एकट्यानं राहायचं, बाकी कुणी न्हाई. धुकं उठलं की पळ."

लाकूड कुठलं मिळणार? मी मळ्यातले खांब उपटले, वेलींची ओली खोडं ओढून आणली, गुलाबी घराचं एक दार काढलं. कंदिलातलं रॉकेल आणि लंगरातल्या तुपाच्या डब्याच्या तळाला राहिलेलं तूप त्यावर ओतलं. मडकं नव्हतं, म्हणून तोच रिकामा तुपाचा डबा नदीवर नेऊन भरला आणि संगिनीने त्याला भोक पाडलं. गावाकडे चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारतात. मागून एक जण दगडाने मडक्याला भोकं पाडत जातो, पाण्याची धार लागते. तिसरी फेरी झाली की मडकं मागच्या मागे टाकायचं आणि वळून न बघता चालू लागायचं. जाणाऱ्याला आपण देतो ते हे शेवटचं पाणी. इतरांच्या बाबतीत ती रीत असेल. मला मात्र ज्ञानूचं पाणी फेडायचं होतं.

चिता पेटली. ओल्या वेलींचा पांढरा धूर धुक्यात मिसळला. तो आंबूस गोड वास. मी डबा खांद्यावर घेतला आणि फिरायला लागलो. बर्फाचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. एक फेरी झाली. दुसरी झाली. आणि धुकं उठलं.

ते हळूहळू विरलं नाही, कुणीतरी पडदा ओढावा तसं बाजूला झालं. समोरचा डोंगर उभाच्या उभा पुढ्यात, पांढराशुभ्र, उन्हात. इतक्या जवळ! त्यांच्या खंदकांची काळी रेघ दिसत होती. एका काठीवर कुणाचा तरी सदरा वाळत घातलेला दिसत होता. वारा नव्हता. चितेचा धूर सरळ आभाळात चढत होता, आणि अख्ख्या मुलखात काही म्हणजे काही आवाज नव्हता. मी आयुष्यात कधी इतका लहान झालो नव्हतो. देऊळ नको, मूर्ती नको, हात आपोआप जोडले जावेत असं ते दृश्य होतं. पण माझे हात डब्याला होते आणि त्या डोंगरातले शेकडो डोळे माझ्यावर होते.

माझी पाचावर धारण बसली. डबा कुठे पडला मला माहीत नाही. मी पळालो.

एकही गोळी आली नाही. संध्याकाळपर्यंत मी खंदकाच्या काठाला हनुवटी टेकून तो धूर बघत होतो. त्यांनी का सोडलं? धूर दिसलाच नाही? दारूगोळा नव्हता? की त्या सदऱ्यावाल्याला काही कळलं होतं? मला कुणी सांगितलं नाही. धुकं उठलं की पळायचा हुकूमच होता, असं मी स्वतःला सांगत आलो. पण पळताना मला हुकूम आठवला नव्हता, एवढं मला ठाऊक आहे.

परत आल्यावर ज्ञानूच्या आईने मला दारातच विचारलं, "समदं रीतसर झालं न्हवं? तीन फेऱ्या मारल्यास?" मी म्हणालो, "मारल्या." तिने माझा उजवा खांदा चाचपून बघितला, जणू तिथे अजून ओल असेल, आणि मग ती मोकळी होऊन रडली. पुढे दर वर्षी पितृपक्षात त्या घरी पहिलं पान माझं असायचं. ती समोर बसून आग्रहाने वाढायची. खीर, वडे, आळूची भाजी. ती जिवंत होती तोवर, एकवीस वर्षं, मी ते जेवलो. एक घास कधी गोड लागला नाही. माझ्या बायकोलाही मी हे सांगितलं नव्हतं.

परवा त्या बाकावर मी ते सांगितलं. मृणालला आधी फक्त चिता, खांद्यावरचा गळका डबा, धुकं, डोंगर आणि शांतता एवढंच सांगितलं. दोन फेऱ्यांचं तेव्हाही गिळलंच. ती सावकाश शब्द शोधत जर्मनमध्ये सांगत होती. डबा खांद्यावर घेऊन फिरण्यापर्यंत ती आली आणि फोगेल यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी काहीतरी विचारलं, मग पुन्हा विचारलं. घमेल्यातल्या काड्या विझत आल्या होत्या, तरी तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाबा," मृणाल म्हणाली, "ते विचारतायत की डब्यातून पाणी सांडत होतं का. मी हो म्हटलं."

मग फोगेल बोलायला लागले. मृणाल मध्ये मध्ये माझ्याकडे वळून सांगत होती आणि दर वाक्यागणिक तिचा आवाज खाली जात होता. "ते टेहळणीला होते. दुर्बीण आणि फोन घेऊन बसायचे, आणि दिसेल ते तोफांना कळवायचं, हे त्यांचं काम. समोर इंडियन पलटण होती. एका सकाळी एक जाळ दिसला. घर नाही, काही नाही, उघड्यावर. आणि एक माणूस खांद्यावर डबा घेऊन त्या जाळाभोवती फिरत होता. डब्यातून धार पडत होती. त्यांना वाटलं पेट्रोल आहे. विमानांसाठी खूण करतोय. त्यांनी फोन केला." ती थांबली. "पहिला गोळा बाजूला पडला. तो माणूस पळाला नाही. फिरतच राहिला. आल्झो, मग त्यांना वाटलं, पळत नाही म्हणजे काम फार महत्त्वाचं असणार. त्यांनी परत फोन केला."

"मग?"

"मग धूर गेला तेव्हा तिथे कुणी नव्हतं."

माझं डोकं तडकलं, खोटं कशाला बोलू? तो आमचा माणूस होता. माझ्या पलटणीतला नसेल, पण कुठल्या तरी नदीकाठचा, कुणाच्या तरी आईला शब्द देऊन आलेला. मी उठलोच असतो. पण फोगेल माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती. त्यांनी मला सरळ विचारलं. मृणालने सांगितलं, "ते म्हणतायत, साठ वर्षांवर झाली, रोज मनात येतं. तो माणूस खूणच करत होता ना? तुम्हाला माहीत असेल."

आणि लगेच, श्वासही न घेता, ती मराठीत म्हणाली, "बाबा, प्लीज, हो म्हणा. काय जातंय आपलं? बघा ना त्यांच्याकडे. या वयात कशाला?"

काय जातंय आपलं! पोरीचं मन चांगलं आहे. एका म्हातारीच्या दारात मीही असंच चांगल्या मनाने 'मारल्या' म्हणालो होतो. एका शब्दाने तिला शांती मिळाली आणि त्याच शब्दाने मी एकवीस वर्षं तिची खीर कडू करून खाल्ली. आताही एक 'हो' म्हटलं असतं की हे गृहस्थ निवांत झोपले असते. पण मग त्या माणसाचं काय? त्याचं नाव कुणाला माहीत नाही. तो काय करत होता हे सबंध जगात फक्त एकाने पाहिलं होतं आणि फक्त एकाला समजलं होतं, आणि आम्ही दोघे एका बाकावर बसलो होतो. मी 'हो' म्हणालो असतो तर तो कायमचा पेट्रोल ओतणारा कुणी तरी होऊन बसला असता.

"सांग," मी मृणालला म्हणालो, "खूण नव्हती. तो आपल्या माणसाला पाणी देत होता."

तिने मान हलवली. "मला नाही जमणार, बाबा."

मग मीच फोगेल यांच्याकडे वळलो. माझ्याकडे होते तेवढे शब्द पुरेसे होते. "फ्रातेल्लो," मी म्हणालो. भाऊ. "मोर्तो." मेलेला. आणि खांद्यावर डबा धरल्यासारखा हात धरून, "आक्वा."

त्यांना समजलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी खाली मातीकडे बघत राहिलो. ते रडले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून ते इतके स्थिर बसले की मला भीती वाटली. मृणालने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ते एवढंच म्हणाले, "दांके." आभाराच्या त्या शब्दाला भाषांतर लागलं नाही.

पण मला अजून एक विचारायचं होतं. "मृणाल, त्यांना विचार, किती फेऱ्या मारल्या त्यानं? मोजल्या होत्या का?"

मोजल्या होत्या. मोजून फोनवर सांगायचं हेच त्यांचं काम होतं. पहिली फेरी शांततेत झाली. दुसऱ्या फेरीत गोळा पडला, माती उडाली, तो माणूस वाकला, डबा सावरला आणि फिरत राहिला. फोगेल यांनी तीन बोटं वर केली. "त्रे." मग हात खांद्यावर नेऊन मागच्या मागे काहीतरी टाकल्याची खूण केली.

"आणि मागं बघितलं त्यानं?"

मृणालने विचारलं. फोगेल यांनी जोरात मान हलवली. नाही. सरळ चालत निघाला, घाई न करता. चारपाच पावलं. मग दुसरे गोळे आले.

माझ्या अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही. माझ्यावर एक गोळी आली नव्हती, तरी मी पळालो. याच्यावर आकाश फाटलं होतं, आणि याने शेवटचा थेंब पोचवला, डबा रीतीप्रमाणे मागे टाकला आणि वळूनही पाहिलं नाही. मी फोगेल यांच्यासमोर दोन बोटं धरली आणि ती माझ्या छातीला लावली. "दूए," मी म्हणालो. माझ्या दोन. मग मृणालकडे वळून सगळं सांगितलं, दोन फेऱ्या, डबा, पितृपक्षातलं पान. ती ऐकत होती आणि माझी कानटोपी उगीचच हातात चुरगाळत होती.

फोगेल यांनी माझी ती दोन बोटं आपल्या मुठीत धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाहीत. आम्ही दोघेही एकाच माणसाचा विचार करत होतो. वीस-बावीस वर्षांचा असेल, माझा नातू शोभेल अशा वयाचा. आज तो समोर आला असता तर वयबिय न बघता मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं असतं, आणि मला खात्री आहे, माझ्या शेजारी फोगेलही वाकले असते.